वैशूची ओटी डिकीत राहिली

दापोलीकडच्या एका म्हातारीने वैशूला वाकून नमस्कार केला, आणि त्याच आठवड्यात वैशू गेली.

कोणी "अंधश्रद्धा" वगैरे कमेंट टाकणार असेल तर कृपया पुढे स्क्रोल करा. माझं डोकं आधीच फिरलंय.

आज तिला जाऊन महिना झाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वैशाली, मी आणि फिलोमिना, शाळेपासूनच्या मैत्रिणी. मी विरारला फुलपाड्यात, वैशू गोखिवऱ्याला, फिलो वसईच्या गावातली. "जाऊया, जाऊया" करत वीस-पंचवीस वर्षं गेली आणि शेवटी एकदाची माझी गाडी काढून आम्ही तिघीच कोकणात गेलो.

होमस्टेवाल्या काकू ऐंशीच्या पुढच्या. निघायच्या सकाळी म्हणाल्या, "माहेरवाशिणी रिकाम्या जायच्या नाहीत." तांदूळ, नारळ, खण. तिघींच्या ओट्या भरल्या.

फिलो म्हणाली, "काकू, मी ख्रिश्चन आहे."

"मग? तुला नारळ चालत नाही?"

आम्ही खूप हसलो.

ओटी घेतली की धाकटीने मोठीच्या पाया पडायचं, एवढं तर सगळ्यांना माहीत असतं. मी पडले. माझं बघून फिलो पडली.

वैशू पडली नाही. दाराची चौकट धरून नुसती उभी राहिली.

मग काकूच वाकल्या. वैशूच्या पावलांना हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

"अहो काकू, काय हे!" मी ओरडलेच. काकूंची सून हातात हळदीकुंकवाचं ताट घेऊन तशीच थांबली.

लहानथोर सगळ्याजणी एकाच बाईच्या पाया कधी पडतात, ते मी लहानपणापासून बघितलंय. सवाष्ण गेली की पडतात. तिला उचलायच्या आधी.

मी ते मनातून झटकून टाकलं. गाडीत बसल्यावर वैशू म्हणाली, "मी आता देवी झालेय. मागची अख्खी सीट माझी." आणि जी आडवी झाली ती वसई येईपर्यंत.

फिलो म्हणाली, "देवी घोरत नाहीत ग."

मागून घोरणं चालूच.

गोखिवऱ्याला तिला सोडलं. कोकम घेतलं, फणसपोळी घेतली, सासूसाठी कुळथाचं पीठ आठवणीने घेतलं. ओटी तेवढी राहिली.

मला पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी ब्रेक मारला की मागे धप्प. वळण घेतलं की गडगड. च्यायला, गाडीचं काय तुटलं म्हणून डिकी उघडली, तर नारळ. माझी ओटी घरात होती. फिलोची फिलोकडे.

लगेच फोन केला. "वैशे, तुझी ओटी राहिली ग माझ्याकडे."

"असू दे. लागेल तेव्हा आण."

"लागेल तेव्हा? ओटी म्हणजे काय छत्री आहे?"

हसली. तेच आमचं शेवटचं बोलणं.

त्यानंतर एका सकाळी ती गॅससमोरच कोसळली. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली नस फुटली. हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी गेले तेव्हा घर बायकांनी भरलेलं. तिला हिरवी साडी नेसवली होती. सासू भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि एकच बोलत होत्या, "माजी सून सवाशीन गेली. ओटी भरल्याबिगर न्यायची नाय. नारळ आना कोनी तरी."

घरात नारळ नव्हता. कोणीतरी चप्पल शोधायला लागलं.



खाली गेले. डिकी उघडली. तांदूळ, खण, नारळ, सगळं जसंच्या तसं. तिची ओटी मीच भरली. मग एकेक बाई तिच्या पाया पडली. फिलोने क्रुसाची खूण केली आणि तीही पडली.

महिनाभर मला झोप नाही. गाडीत बसायची भीती वाटते. ट्रिपचे फोटो परत परत बघते. शेवटच्या दिवसांच्या प्रत्येक फोटोत वैशूने काहीतरी धरलंय. फिलोचा खांदा. धक्क्याचा कठडा. माडाचं खोड. तेव्हा आम्ही म्हणत होतो, बघा, काय पोज देते!

काल राहवलं नाही. काकूंना फोन लावला आणि सरळ भांडले.

"तुम्हाला काय दिसलं होतं तेव्हा? आम्हाला का नाही सांगितलंत?"

वैशू गेली हे त्यांना माझ्या फोनवरूनच कळलं.

"मला काय दिसणार गो? मला धड माणूस ओळखू येत नाही. ओटी भरताना तीच कानाशी म्हणाली, काकू, वाकले की डोळ्यांपुढे अंधार येतो, इथेच पडेन. ओटी घेऊन नमस्कार तसाच राहिला तर कसं व्हायचं? म्हणून मी वाकले."

"पण मग आम्हाला..."

"मी म्हटलं ना तिला, पोरींना सांग. तर म्हणते कशी, घरी गेल्यावर बघते. आत्ता सांगितलं तर दोघी गाडी थेट हॉस्पिटलला वळवतील. आयुष्यात पहिल्यांदा तिघी निघालोय."

काकू रडायला लागल्या. मीही.

"लागेल तेव्हा आण" असं ती का म्हणाली, ते मला अजून कळलेलं नाही. काकूंनाही सांगता आलं नाही. ते मी आता कोणाला विचारणारही नाही.

म्हातारीची भीती गेली. आता तुझा राग येतोय, वैशे. इतका येतोय की हे टाईप करताना दिसत नाहीये.

वळवलीच असती ग. तू मागून शिव्या घातल्या असत्यास, तरी वळवली असती.

नीट जा.