मॅटॅडोरचा रंग

शेजाऱ्यांच्या फाटकाला रंग लागतोय. थिनरचा वास आला आणि मला आमचं अंबडचं अंगण आठवलं.

नव्वदच्या दशकात ह्यांनी एक जुनी मॅटॅडोर व्हॅन आणली होती. आत झोपायला फळ्या, स्टोव्हला जागा. ह्यांच्या हृदयापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते, पण ह्यांना मला समुद्र दाखवायचा होता. नवा रंग देण्याआधी आम्ही थिनर लावून जुना खरवडत होतो. निळ्याखाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली नुसता गंज. एका जागी माझी लोखंडी पट्टी आरपार गेली.

"अवो, पत्राच न्हाई राह्यला. रंगावरच उभी हाय गाडी."

हे धापा टाकत खाली बसले. त्या भोकाकडे बघत राहिले.

"मंग पलीकडून खरवड. तिकडं बराबर असंल."

पलीकडेही तसंच असणार, हे दोघांना कळत होतं. तेव्हा मला त्यांच्या हट्टाचा राग आला होता. आज वाटतं, त्यांना फक्त तो दिवस माझ्यासोबत चालू ठेवायचा होता.

मी पलीकडे जाऊन खरवडू लागले. गाडीच्या आडून आवाज आला, "जपून. हाताला लागंल."