मधलीचा कोपरा

मधलीला रक्ताची भीती कधी वाटलीच नाही, कारण रक्त तिच्या ओळखीचं होतं. घरातलंच होतं. बाप वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता आणि त्याचा हात जड होता. दारू पीत नव्हता, पत्ते खेळत नव्हता. शेजारी त्याला सरळ माणूस म्हणायचे. हा सरळ माणूस घरी आला की चहा गार का, दार उघडायला उशीर का, एवढ्यावरून हाताला लागेल त्याने बायकोला आणि पोरांना बडवून काढायचा. मग आई मोरीत जाऊन बसायची आणि मधली तिच्या फुटलेल्या भुवईवर ओला फडका दाबून धरायची. मध्येच उचलून बघायचं नाही, हे ती तिथेच शिकली. धाकटी पलंगाखाली श्वास रोखून पडलेली असायची आणि दादा दाराच्या चौकटीत उभा राहून बापाकडे नुसता बघत असायचा.

एक दिवस दादाचं ते बघणं संपलं. बापाने आईवर लोखंडी पाना उगारला, तेव्हा दादाने त्याचं मनगट हवेतच पकडलं आणि ओलं धुणं पिळावं तसं पिळलं. हाड मोडल्याचा आवाज भिंतीपलीकडच्यांनी ऐकला. बाप गुडघ्यांवर बसला. दादाने त्याला कॉलर धरून उठवलं, पाडलं, परत उठवलं. शेवटी आईनेच मध्ये पडून नवऱ्याला सोडवलं. त्यानंतर त्या घरात कुणी मार खाल्ला नाही. पुढे बाप छातीच्या दुखण्याने गेला, तेव्हा दादाचा डोळा ओला झाला नाही. मधलीच्या मनात मात्र एक गोष्ट कायमची बसली. दादा होता म्हणून आपण वाचलो.

तिचं 'मधली' हे नाव घरातून गल्लीत गेलं आणि तिथून लाँड्रीत. लाँड्रीत ती इस्त्री करायची. काम वाईट नव्हतं, पण त्यात जीव रमत नव्हता. धाकटीला गाण्याचं वेड होतं, दादाला मारामारीचं. मधलीला काय आवडतं, हे कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

दादा तोवर जुन्या गोदामातल्या बॉक्सिंगच्या हॉलमध्ये जायला लागला होता. तिथे त्याला 'हातोडा' म्हणायचे. एका संध्याकाळी तो लढतीची चड्डीच घरी विसरला आणि ती द्यायला मधली पहिल्यांदा त्या हॉलमध्ये शिरली. आत घामाचा आणि रबराचा वास, आणि बाकांवर उभी राहून ओरडणारी माणसं. दादाच्या आधीची लढत चालू होती. दोघांपैकी बुटक्याच्या भुवईवर ठोसा बसला आणि कातडी अशी उकलली की आतलं पांढरं दिसलं. पुढच्या ठोशाला रक्ताचा फवारा दोरांबाहेर आला. सगळा हॉल ठोसे बघत होता. मधली त्या चिरेकडे बघत होती. तिच्या उजव्या हाताची बोटं आपोआप एकमेकांवर दाबली गेली.

घंटा झाली. बुटका आपल्या कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन कोसळला आणि एक सुकडा म्हातारा दोरांतून आत घुसला. एका फटक्यात त्याने रक्त पुसलं, कानामागची कापूस गुंडाळलेली काडी काढून चिरेत दाबली, दुसऱ्या हाताने बुटक्याचं डोकं स्वतःच्या पोटाशी धरलं आणि तसाच पुतळ्यासारखा उभा राहिला. कोच ओरडत होता, पाणी उडत होतं, पण म्हाताऱ्याचा अंगठा हलला नाही. परत घंटा झाली तेव्हा तिथे फक्त व्हॅसलिनचा चकाकता पट्टा होता.  आपल्याला हे करायचंय, एवढं मधलीला त्या क्षणी कळलं. एखाद्याला भूक लागल्याचं कळावं, इतकं साधं.

म्हातारा दिवसा न्हाव्याचं दुकान चालवायचा. दाढी करताना कापलं की तुरटी फिरवून रक्त थांबवण्यात त्याचा हात बसला होता, म्हणून फार वर्षांपूर्वी कुणीतरी त्याला गमतीने रिंगच्या कोपऱ्यात उभं केलं आणि तो तिथलाच झाला. सगळे त्याला तुरटीमामा म्हणायचे. मधली दुसऱ्याच दिवशी त्याच्या दुकानात जाऊन उभी राहिली. मामाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि बायकांचे केस कापत नाही म्हणून सांगितलं. तिने काय हवंय ते सांगितल्यावर खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी हसायला लागलं. मामा हसला नाही.

"रक्त बघून चक्कर येते?"

"नाही."

"दाबायला कुणाकडून शिकलीस?"

"आईच्या भुवईवर."

मामाने वस्तरा खाली ठेवला. "मग नीट ऐक. आपण माणूस बरा करत नाही. त्याला अजून मार खाण्यालायक करतो. एवढं डोक्यात ठेवूनही आवडत असेल, तर ये."

ती गेली. खाटकाकडून आणलेल्या मांसाच्या तुकड्यावर मामा वस्तऱ्याने चीर पाडायचा, खालून नळीने लाल रंगाचं पाणी सोडायचा, आणि ते कापसाने थोपवायला सांगायचा. हॉलमधल्या पोरांना आयतीच करमणूक मिळाली. लाँड्रीवाली आता तोंडावरचे डागही काढणार, शर्ट टाकू का गं धुवायला, असले टोमणे रोजचे झाले. त्यांची तोंडं बंद व्हावीत असं पहिल्याच लढतीत काही करून दाखवायचं तिने ठरवलं, आणि नेमकी तिथेच ती तोंडघशी पडली. एका पोराच्या डोळ्याखाली लिंबाएवढी सूज आली होती. बर्फात ठेवलेली लोखंडी पट्टी सुजेवर दाबायची असते, नुसती दाबून धरायची. मधलीने ती पट्टी सवयीने शर्टाच्या कॉलरवर फिरवावी तशी सरकवली. इस्त्रीवालीचा हात तो. सूज आतल्या आत पसरली आणि पोराचा डोळाच मिटला. पुढच्या राऊंडला त्या बाजूने येणारा एकही ठोसा त्याला दिसला नाही. तो तोंडावर पडला तेव्हा त्याचे पुढचे दोन दात रिंगमध्ये राहिले.

मामाने तिथे सगळ्यांसमोर तिचे कान उपटले नाहीत. दुकानात नेऊन आरशासमोर बसवलं, ती गार पट्टी तिच्या स्वतःच्या गालाच्या हाडावर सगळा जोर लावून दाबली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत सोडली नाही. मग म्हणाला, "हे असं. कापड नाहीये ते."

तिला राग आला नाही. दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा आधी जाऊन बसली. नंतरच्या काही वर्षांत तिचा हात असा तयार झाला की शर्ट टाकू का विचारणारी पोरंच लढतीआधी तिला शोधत यायची.

मामाचे नियम थोडे होते. जखमेबद्दल खोटं बोलायचं नाही, हा सगळ्यात वरचा. कारण त्या हॉलची एक रीत होती. जखम वाईट दिसली की डॉक्टरीणबाई टॉर्च घेऊन कोपऱ्यात यायच्या, स्वतः बघायच्या, आणि मग जखमेवर हात असलेल्या माणसाला विचारायच्या, थांबेल का? तो हो म्हणाला तर लढत पुढे, नाही म्हणाला तर तिथेच खलास. मामाचा शब्द कधी फिरला नव्हता, म्हणून ही रीत टिकली होती. आणि दुसरा नियम, आपल्या घरच्या माणसाच्या कोपऱ्यात उभं राहायचं नाही.

हा दुसरा नियम मामानेच मोडला. दादाची मोठी लढत ठरली होती. जिंकला तर मोठ्या शहरातल्या क्लबात जागा पक्की, असं तिथून आलेला माणूस पहिल्या रांगेत बसून सांगत होता. दादाचं वय निघून चाललं होतं. परत अशी संधी येणार नव्हती, हे त्यालाही माहीत होतं. आणि नेमका त्या महिन्यात मामाचा अंगठा थरथरायला लागला. दुकानात त्याने वस्तरा हातात घेणं सोडलं होतं. लढतीआधी त्याने बॅग मधलीच्या हातात दिली आणि दुसरं कुणी नाही, एवढंच म्हणाला. दादा ग्लोव्हज चढवता चढवता हसला. "मधले, कापूस कोंबून मला बुजगावणं करू नकोस म्हणजे झालं."

समोरचा डावखुरा होता, काटक आणि थंड. पहिले दोन राऊंड दादाने त्याला दोरांपर्यंत रेटत नेलं, बरगड्यांत असे ठोसे घातले की मागच्या बाकांपर्यंत धप धप ऐकू आलं. तिसऱ्यात दोघांची डोकी एकमेकांवर आपटली आणि दादाची डावी भुवई उघडली. आडवी चीर, खोल. डावखुऱ्याने ती लगेच हेरली आणि सगळे ठोसे तिथेच टाकायला लागला. दादा कोपऱ्यात आला तेव्हा त्याचा अर्धा चेहरा लाल होता आणि छातीवरून ओघळ खाली चालले होते.

मधलीने पुसलं, दाबलं, थांबली. चिरेचं तोंड तिच्या अंगठ्याखाली हळूहळू मिटत गेलेलं तिला कळलं. डॉक्टरीणबाई आल्या, टॉर्च टाकला, विचारलं. ती थांबेल म्हणाली, आणि ते खरं होतं. व्हॅसलिन लावून तिने हात काढला तेव्हा मागून मामा हळूच "वा" म्हणाला. त्याच्या तोंडून तो शब्द तिने याआधी ऐकला नव्हता. समोर भाऊ रक्ताने माखलेला आणि आपण आनंदाने फुललेलो, याची तिला नंतर लाज वाटली. त्या वेळी वाटली नाही.

चौथ्या राऊंडला रक्ताचा थेंब नाही. जखम मिटलेली बघून डावखुऱ्याने तिचा नाद सोडला आणि दुसऱ्या बाजूने, कानशिलावर, मारायला सुरुवात केली. दादाचे हात खाली यायला लागले. ठोसा बसला की त्याचं डोकं मागे जायचं आणि परत यायला जरा उशीर करायचं. एकदा तो पडला, उठला, रेफरीकडे बघून मान हलवली. परत मार. त्याच्या तोंडातून लाळेची लाल दोरी लोंबली. जुनी चीरही शेवटी पुन्हा फुटली. लोक बाकांवर चढून दादाच्या नावाने ओरडत होते, कारण हातोडा अजून उभा होता. तो कशामुळे उभा आहे, हे मधलीला ठाऊक होतं. तिच्या कामामुळे. मागच्याच वेळी रक्त थांबलं नसतं, तर तो आता खाली बसून पाणी पीत असता.

घंटा झाली. दादा स्टुलावर बसला आणि त्याने तिच्याकडे बघितलं, पण ते बघणं भलतीकडूनच येत होतं.

"मधले," तो हळू आवाजात म्हणाला, "बाबा आले का गं?"

 तिने दादाच्या कोचकडे बघितलं. कोचने ऐकलं होतं. त्याने नजर चुकवली आणि दादाच्या डोक्यावर पाणी ओतलं. बंद कर ती जखम, एकच राऊंड राहिलाय, तो म्हणाला. तिने सांगितलं की हा शुद्धीत नाही, टॉवेल टाकून लढत सोडा. कोचने दात ओठ खाऊन सांगितलं की टॉवेल टाकायचं काम तिचं नाही, तिचं काम कापसाचं.

काडी तिच्या हातात होती. चीर मघासारखीच होती, बंद होण्यातली होती. तिने काडी बाजूला ठेवली. बोटाने व्हॅसलिन पुसून काढलं, आणि रक्त पापणीवरून थेट डोळ्यात उतरू दिलं. डॉक्टरीणबाई टॉर्च घेऊन वाकल्या.

"थांबेल?"

"नाही," मधली म्हणाली. "थांबणार नाही."

लढत संपली. डावखुऱ्याचा हात वर गेला. क्लबातून आलेला माणूस खुर्चीवरून उठला आणि कुणाशी न बोलता निघून गेला.

दादाला भान आलं ते कपडे बदलायच्या खोलीत. मधलीच्या 'नाही'मुळे लढत गेली, एवढंच कोचने सांगितलं, स्टुलावर ऐकलेलं गाळून. दादा उठला आणि पट्ट्या गुंडाळलेल्या हाताने त्याने मधलीच्या तोंडात मारली. ती लोखंडी कपाटावर आपटली, ओठ फाटला. दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा मामा मध्ये आला. दादा ओरडत राहिला की हिने माझा गळा कापला, बहीण नाही ही. मधलीने स्वतःच्या ओठावर कापूस दाबला. उचलून बघितलं नाही.

मामाने दादाला हॉस्पिटलात पाठवलं आणि मग तिला बाहेर पायरीवर बसवलं.

"थांबलं असतं ते."

"हो."

"आज खोटं बोललीस. परत बोललीस तर बॅग काढून घेईन, तू कितीही चांगली असलीस तरी."

"बरं."

"ऊठ मग. पुढची लढत लागलीये."

हॉस्पिटलात काढलेल्या डोक्याच्या फोटोत काही निघालं नाही. पुढचा राऊंड झाला असता तर काय झालं असतं, हे तिथल्या डॉक्टरांना सांगता आलं नाही. कदाचित काहीच नाही, असंही ते म्हणाले. मधलीला कुणी शाबासकी दिली नाही. दादा त्यानंतर हॉलमध्ये गेला नाही. माल चढवायच्या कामाला लागला, आणि आईकडे आला तरी मधली ज्या खोलीत असेल तिथे पाऊल टाकायचा नाही. मामा वारल्यावर बॅग तिच्याकडेच राहिली. आता आसपासच्या गावांतून तिला बोलावणी येतात. दिवसा ती अजून इस्त्रीच करते.

परवा दुपारी दादा लाँड्रीत आला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच. जाड झालाय, भुवईवर पांढरी रेघ आहे. इस्त्रीच्या टेबलापलीकडे उभा राहून त्याने सरळ विचारलं. कोच भेटला होता म्हणे, दारूच्या नशेत बरळत होता की ती जखम म्हणजे काहीच नव्हती.

"खरं सांग. बंद झाली असती?"

मधलीने इस्त्री उभी करून ठेवली. "झाली असती."

दादाची मूठ वर गेली. मधली हलली नाही. मूठ टेबलाच्या लाकडी कडेवर आली, इतक्या जोरात की घड्या घातलेले शर्ट खाली पडले. बोटांच्या सांध्यांवरची कातडी सोलून निघाली आणि पांढऱ्या चादरीवर रक्त पडलं. तो तसाच श्वास टाकत उभा राहिला.

"तू काय विचारलंस ते आठवतं तुला?" ती म्हणाली. "स्टुलावर बसून?"

त्याने मान हलवली. आठवत नव्हतं.

तिने सांगितलं.  खाली वाकून त्याने शर्ट गोळा करायला सुरुवात केली, पण हाताचं रक्त त्यांना लागत होतं. मधलीने बॅगेतून कापूस काढून त्याच्यापुढे धरला.

"ते राहू दे. आधी हे दाब. घट्ट." तिने बॅग खांद्याला लावली. "मला निघायचंय, लढत आहे."

"कुठे?"

तिने गावाचं नाव सांगितलं. दादा तिथेच कापूस दाबून उभा राहिला आणि मग म्हणाला, "पहिली बस सोड, दुसरी पकड. ती हॉलच्या दारात थांबते."