आईची खाट

आमच्या गल्लीच्या तोंडाला एक टेम्पोवाला गाडी लावायचा. बोलायचा भांडल्यासारखा, त्याचं "पावणं, च्या घ्या की" हेसुद्धा दटावल्यासारखं वाटायचं.

आई गेल्यावर तिची खाट आणि कपाट मी धरणात गाव बुडालेल्या, नुकत्याच इकडे आलेल्या लोकांना द्यायचं ठरवलं. सामान त्याच्याच टेम्पोतून नेलं. राधानगरीच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये ती माणसं राहत होती. आत चिखल होता आणि त्यात पोत्यावर एक म्हातारा तापानं कण्हत होता. त्याच्या सुनेनं कपाट घेतलं. खाट बघून तिनं विचारलं, "हिच्यावर कोण मेलंय का?"

"माझी आई," मी म्हणालो.

ती मागं सरली. "मग नगं. आदीच समदं गेलंय आमचं."

टेम्पोवाला खाटेवर आडवा झाला आणि त्यानं डोळे मिटले. मला बघवेना. मग तो उठून म्हणाला, "बघ की अक्का, जित्ता हाय मी." त्यानंच म्हाताऱ्याला उचलून खाटेवर ठेवलं. सुनेनं अडवलं नाही.

परतताना मी म्हणालो, "बरा होईल आता म्हातारा."

"न्हाय व्हायचा," तो म्हणाला. "पर चिखलात तरी मरणार न्हाय."