ब्रेकवाली रुखमाबाई

काटोलकडून नागपूरला संत्री आणणाऱ्या ट्रॅक्टरांमध्ये भैय्याजींचा ट्रॅक्टर सत्तर-बहात्तर सालच्या सुमारास साऱ्या रस्त्याच्या ओळखीचा होता. भैय्याजी बागाईतदार मोठे, पण ओळख त्यांच्यामुळे नव्हती, मागच्या ट्रॉलीमुळे होती. ट्रॉलीच्या तोंडाशी एक लोखंडी बैठक, तिच्यासमोर ब्रेकचं चाक, आणि ते चाक दोन्ही हातांनी धरून, पदर कानामागे खोचून बसलेली रुखमाबाई. ट्रॅक्टर चालवायचा तिचा नवरा नत्थूजी. उतार आला की तो डावा हात वर करी, ती चाक फिरवून आवळी आणि संत्र्यांनी शिगोशीग भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरच्या अंगावर न येता मुकाट मागे चाले. आज कुणाला खरं वाटणार नाही, पण तेव्हा एक संसार असाही चालला.

बायकामाणसाचं हे काम नव्हे, असं गावानं आधी म्हणून पाहिलं. पण आधीचा ब्रेकवाला ऐन उतारावर डुलक्या घ्यायचा, आणि रुखमाबाईच्या डोळ्याला डोळा लागत नसे. पहिल्याच हंगामात बोलणारे गप्प झाले.

घोटाळा झाला तो एकदाच. कळमेश्वरला साडू दिसला म्हणून नत्थूजीनं हात उंचावून रामराम घातला. रुखमाबाईनं इमानेइतबारे ब्रेक आवळला. ट्रॉलीनं असा हिसका दिला की वरची संत्री सडकभर झाली. साडू धोतराच्या सोग्यात मावतील तेवढी वेचून घरी गेला, ते वेगळंच. त्या दिवसापासून नत्थूजी ओळखीच्यांना नुसती मान हलवू लागला. लोक म्हणाले, नत्थूजीला शिष्टपणा चढला. बिचाऱ्याचा हात बायकोकडे गहाण होता, हे सांगणार तरी कुणाला?

पुढे भैय्याजींनी नागपूरच्या आनंदराव मिस्त्रींकडे मोठी, चारचाकी ट्रॉली करायला टाकली. "ब्रेक कोनता पाह्यजे थे तूच सांग गा," म्हणून निवड नत्थूजीवर सोपवली. नवराबायको दोघंही वर्कशॉपात गेली. मिस्त्रींनी दोन तऱ्हा दाखवल्या. एक जुनीच, चाकाची. दुसरीत ट्रॅक्टर मंदावला की मागची ट्रॉली पुढे रेटते, त्या रेट्यानं दोन्हींमधली जोडदांडी आत दबते आणि ब्रेक आपोआप लागतो. रिव्हर्समध्ये तो लागू नये म्हणून आधी तेवढी खिट्टी अडकवायची.

"मांगं मानूसच नको," मिस्त्री खुशीत म्हणाले.

रुखमाबाईनं जुन्या तऱ्हेच्या चाकावर हात ठेवला. चाक गेलं की ती गेली, पुन्हा चूल आणि गोठा. हंगामातला हा रस्ता, बाजाराचा गलबला, माल उतरल्यावर सीताबर्डीत मारलेली एक चक्कर, सारं त्या लोखंडी बैठकीवर अवलंबून होतं. आणि तिला ते मनापासून आवडत होतं.

"लांब उतारावर हा गरम होत असन ना?" तिनं विचारलं.

"होते. गेअर लहान ठेवा लागते," मिस्त्रींनी कबूल केलं.

"मंग मानूसच बरा."

नत्थूजीनं दांडी दाबून पाहिली, खिट्टी काढून-घालून पाहिली आणि म्हणाला, "हाच बसवा."

बाहेर चहाच्या टपरीवर रुखमाबाईनं कपाला हात लावला नाही. "साफ सांगा ना, मले घरी बसवून राहिले म्हनून. काहून? माह्यं काय चुकलं?"

नत्थूजीनं आपला कप खाली ठेवला. "घरी? घरी कोन म्हनलं तुले? मांगं मानूस नको म्हनून मिस्त्री म्हने. पुढं मडगार्डवर जागा हाये ना वं! इतके वर्सं एकाच रस्त्यानं जाऊन राहिलो, अन् रस्त्यानं तुह्या तोंडचा एक शब्द नाही आयकला म्या."

रुखमाबाईनं चहा बशीत ओतला आणि पदर डोळ्यांना लावत धूर लागल्याचं निमित्त केलं.

त्या हंगामापासून ती मडगार्डवर बसू लागली. इंजिनाच्या धडधडाटात बोलायचं म्हणजे ओरडायचं, त्यामुळे त्यांच्या घरातल्या गोष्टी काटोलपासून नागपूरपर्यंत सर्वांना कळू लागल्या. ते दिवस फार चांगले होते.

नत्थूजी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर सुनेनं एकदा सहज विचारलं, "मामंजी दिसायले कसे होते वं आत्याबाई?"

"पयले मले काय मालूम!" म्हातारी हसली. "मी त्यायची नुसती पाठच पाहत होती. मंग नवी ट्राली आली, तवा पाह्यलं. चांगले होते बाई."