झेनोबियाचे तीन ‘ज्याअर्थी’

आमच्या माउंट नेबो चर्चची वही झेनोबिया टार्पनं बत्तीस वर्षं लिहिली. कुणाचा बाप्तिस्मा झाला, कुणाचं लग्न लागलं, कुठल्या वर्षी तंबाखूचं पीक उभ्या शेतात करपलं, सगळं त्या वहीत आहे. अक्षर असं, की तारेवर पाखरं ओळीनं येऊन बसावीत. व्हर्जिनियाच्या या तांबड्या मातीत मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली. तिच्यासारखं अक्षर एकाचंही नव्हतं.

आणि ती शाळेत गेली होती जेमतेम तीन वर्षं.

ती नऊ वर्षांची असताना आमच्या काउंटीतल्या शाळांना कुलपं लागली. काळी मुलं आणि गोरी मुलं एका वर्गात बसवा, असा कोर्टाचा हुकूम आला होता. त्यावर थर्लो क्रॉक्सटन नावाच्या तरुण पुढाऱ्यानं तोड काढली, की मग शाळाच नको. गोऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी खाजगी शाळा काढली. आमच्यासाठी शेत होतं. पाच वर्षं कुलूप निघालं नाही. झेनोबियाचा धाकटा भाऊ क्लिऑन तेव्हा सहा वर्षांचा, शाळेत घालायच्या वयाचा. तो तंबाखूची पानं खुडायला गेला तो गेलाच. आजही सहीच्या जागी फुली मारतो.

झेनोबियासकट आम्हा अकरा जणांना मात्र ल्यूडीमावशी भेटली. ल्यूडी व्हान्स दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करायची. संध्याकाळी दमून यायची आणि आपल्या टेबलावर बिस्किटांचं पीठ पसरायची. हात धुतल्याशिवाय टेबलाला बोट लावायचं नाही, हा पहिला धडा. मग पिठात बोटानं अक्षरं काढायची. चुकलं की मावशी तळहातानं पुसायची. धडा संपला की तेच पीठ ताकात भिजवून ओव्हनमध्ये घालायची. आम्ही आमची अक्षरं गरम गरम खाल्ली आहेत, लोण्यासकट. अजून पचलेली नाहीत, अंगातच आहेत.

क्रॉक्सटन पुढं राज्याचा सिनेटर झाला. काळ फिरला, आमची मतं मोजली जाऊ लागली, तसा तोही फिरला. आमच्या चर्चच्या वर्धापनदिनाला यायचा, तळलेला मासा खायचा, म्हाताऱ्यांची नावं घेऊन चौकशी करायचा. मूत्रपिंडं निकामी झालेल्यांसाठी रक्त धुण्याचं केंद्र त्यानंच आमच्या गावात आणलं. नाहीतर सत्तर मैल जावं लागे. शाळेविषयी मात्र तो अवाक्षर बोलला नाही. माफी मागितली नाही, आम्हीही विषय काढला नाही.

तो वारला आणि त्याची मुलगी मिस अ‍ॅनलीस झेनोबियाच्या ओसरीवर आली. म्हणाली, अंत्यविधीला माउंट नेबोचा ठराव वाचला जावा, अशी बाबांची इच्छा होती. तेवढं चांगलं लिहा.

झेनोबिया म्हणाली, “बाई, मी चांगलं लिहीत नाही. झालेलं लिहिते.”

आमच्याकडं दुखवट्याच्या ठरावाची रीत आहे. ‘ज्याअर्थी’नं सुरुवात, ‘त्याअर्थी’नं शेवट. ‘ज्याअर्थी’ तीनच, कारण पूर्वी एकदा चौदा झाले होते आणि खाली जेवणासाठी मांडलेलं चिकन थंड झालं होतं. ठराव आधी आपल्या चर्चमध्ये वाचायचा, कुणीतरी अनुमोदन द्यायचं, मग हात वर होतील तरच तो बाहेर जातो.

बुधवारी दुपारी तिनं वाचला. पहिला ‘ज्याअर्थी’ ऐकताच आमच्या चर्चचा एक कारभारी, डीकन होजिया पॅनेल, उठला. आठवड्यातून तीनदा तो त्या केंद्रात जायचा.

“सिस्टर झेनोबिया, मी आज इथं उभा आहे तो त्या माणसानं आणलेल्या यंत्रामुळं. मेलेल्याच्या पेटीवर शाळेचं कुलूप कशाला ठेवतेस? ते वाक्य काढ.”

मागून कुणी म्हणालं, यंत्र त्यानं मतांसाठी आणलं. कुणी म्हणालं, ठरावच नको, फुलं पाठवा, तीही कागदाची. झेनोबिया कागद धरून उभी. ते वाक्य काढलं तर तिची पाच वर्षं तिच्याच हातानं पुसली जाणार होती. आणि सगळा कागदच फाडला तर होजियाचा जीव कुणी वाचवला तेही पुसलं जाणार होतं.

ती म्हणाली, “डीकन, एक काढलं तर दुसरंही काढते. दोन्ही त्याचीच आहेत.”

तेव्हा क्लिऑन उठला. सभेत तो कधी बोलत नसे.

“झेनी, पुन्हा वाच. सावकाश. मला वाचता येत नाही, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. का येत नाही, ते तुझ्या कागदात आहे. मी ऐकून हात वर करणार.”

तिनं पुन्हा वाचला. क्लिऑननं अनुमोदन दिलं. हात वर झाले. होजियाचा झाला नाही.

शनिवारी गोऱ्यांच्या चर्चमध्ये, जाड गालिच्यावर, निळी टोपी घालून झेनोबिया उभी राहिली.

“ज्याअर्थी थर्लो क्रॉक्सटन यांनी या काउंटीच्या शाळा पाच वर्षं बंद ठेवल्या आणि आमची मुलं अक्षराविना वाढली, ज्याअर्थी त्यांनीच पुढं आजाऱ्यांसाठी केंद्र आणलं आणि आमची माणसं त्यामुळं जगली, ज्याअर्थी त्या बंद वर्षांत ल्यूडी व्हान्स यांनी आपल्या पिठावर अकरा मुलांना लिहायला शिकवलं आणि हा ठराव त्याच शिकवणीतून लिहिला आहे, त्याअर्थी माउंट नेबो चर्च केंद्राबद्दल थर्लो क्रॉक्सटन यांचे आभार मानते, ल्यूडी व्हान्स यांच्याबद्दल देवाचे आभार मानते, आणि बाकीचा न्याय ज्याचा आहे त्याच्याकडं सोपवते.”

आमच्याकडं वाचताना लोक मधूनमधून हुंकार भरतात. तिथं कुणी खोकलंही नाही. मग शेवटच्या बाकावरून एकच आवाज आला.

“खरं आहे, सिस्टर. सगळं खरं आहे.”

तो होजिया होता.

मिस अ‍ॅनलीसनं कागद दोन्ही हातांनी घेतला, घडी घातली. 

सोमवारच्या पेपरात ठराव आला तो फक्त मधला. केंद्राचा. आम्ही चिडलो. झेनोबिया ओसरीवर शेंगा सोलत होती, तिनं त्याच पेपरावर टरफलं टाकली.

“उद्या हा चुलीत जाईल,” ती म्हणाली. “वही कपाटात राहील.”

राहिली आहे. ती स्वतः आता ल्यूडीमावशीशेजारी निजली आहे. कुणी विचारायला आलं, क्रॉक्सटन कसा होता, तर आम्ही वाद घालत नाही. वही काढतो आणि तिन्ही ‘ज्याअर्थी’ वाचून दाखवतो. क्लिऑन जवळ असला तर वही लागत नाही. त्याला ते पाठ आहेत.