तिसऱ्या खांबाजवळचा आवाज

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही: दाजींची ती कॅसेट एसटीत राहिली नव्हती. ती मी पुसली होती. आता एवढं बोलून गेलोच आहे तर दाजींबद्दल सगळंच सांगतो. नुसत्या खोकल्यावरून माणूस मैदानात कुठे बसला होता हे सांगणारा दुसरा कुणी परभणी जिल्ह्यात झाला नाही, होणारही नाही, आणि त्यांच्यावर ही वेळ आणण्यात माझा हात आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. बोरीकडे जनावरांच्या दवाखान्यात त्यांनी नोकरी काढली. काम डॉक्टरांच्या हाताखाली पट्ट्या बांधण्याचं, पण आसपासच्या मेंढपाळांचा भरवसा डॉक्टरांच्या सुईपेक्षा दाजींच्या कानावर. मेंढरू आणलं की मालक लक्षणं सांगायला लागायचा, आणि दाजी डोळे मिटून हात वर करायचे. "तू नको बोलू. त्याला खोकू दे." मेंढरू खोकलं की म्हणायचे, "फुप्फुसाचा न्हाई. घशात कुसळ हाय." आणि कुसळ निघायचंच. एकदा कळपाच्या मधोमध उभं राहून, तोंड भलतीकडे असताना, त्यांनी नेमकं आजारी मेंढरू बोटाने दाखवलं होतं. मालक म्हणाला, "बाप्पा, तुमचा कान हाय का टॉर्च?"

या कानांना तरुणपणीच विलायती रॉकचं वेड लागलं. परभणीला ट्रेनिंगला असताना शेजारच्या खोलीतला एक डॉक्टर ते मोठ्याने लावायचा. बाकीचे भांडायला जायचे, दाजी ऐकायला गेले. इंग्रजी म्हणाल तर औषधाच्या बाटल्यांवर असतं तेवढं, म्हणून गाण्यांना नावं त्यांनीच ठेवली. एक लांबलेलं, एक रडकं, एक ढोलाचं, आणि एकाचं नाव 'पान्हा', कारण ते लावलं की आटलेली म्हैससुद्धा धार देते असा त्यांचा दावा होता. म्हशीने तो कधी खरा केला नाही, पण दाजी म्हणायचे, "टेपचा सेल उतरला व्हता. तिची काय चूक?"

लग्नानंतर लोक जोडीने देवाला जातात. दाजी आक्काला घेऊन मुंबईला गेले, कारण त्यांच्या आवडीचा तो बँड तिथे एकदाच येणार होता. आत टेपरेकॉर्डर न्यायला बंदी. आक्काने तो भाकरीच्या फडक्यात बांधून काखेत मारला. दारावरच्या माणसाने गाठोडं चाचपलं तेव्हा ती म्हणाली, "धपाटे हायत. दोन देऊ का?" तो लाजून बाजूला झाला. मैदानाच्या डाव्या हाताला, दिव्याच्या तिसऱ्या खांबाजवळ ते बसले आणि दाजींनी बटण दाबलं. चार गाणी झाल्यावर मैदान क्षणभर चिडीचूप झालं, आणि त्या शांततेत आक्काचा आवाज टेपवर कायमचा उतरला: "आवं, ह्यो कामून बोंबलायलाय? ह्याचं काई हरवलं का?"

पुढे घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती कॅसेट ऐकावी लागे. चौथं गाणं संपत आलं की दाजी बोट वर करत, आक्का पदरात तोंड लपवी, आणि वाक्य आलं की दाजी इतके हसत की त्यांना ठसका लागे. आपल्या हाताने पुसली जाऊ नये म्हणून त्यांनी कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन्ही इवले पत्रे मोडून ठेवले होते. ते मोडले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही.

मी तेव्हा परभणीला कॉलेजात होतो. मित्रांपुढे मिरवायला मी टेप आणि कॅसेट दोन्ही मागून नेलं. त्याच आठवड्यात वक्तृत्व स्पर्धा होती, सराव भरून ऐकायचा होता आणि कोरी कॅसेट नव्हती. मोडलेल्या पत्र्यांच्या जागी कागदाचा बोळा कोंबला की मशीन फसतं, हे मला ठाऊक होतं. नजरचुकीने झालं असं म्हणायची सोयच नाही. बोळा मी चावून ओला केला, नीट बसवला, आणि 'वृक्षारोपण: काळाची गरज' हे भाषण दोन्ही बाजू भरेपर्यंत पुन्हा पुन्हा केलं. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. कॅसेट कालव्यात टाकली आणि दाजींना सांगितलं की मी बोरीला उतरलो, ती सीटवरच राहिली, गाडी पुढे जिंतूरला गेली. दाजी चार वेळा जिंतूर स्टँडवर विचारून आले. पाचव्यांदा निघाले तेव्हा आक्काच म्हणाली, "जाऊ द्या ना. खामखा हेलपाटे. मी हाय की हितं बोलायला."

त्यानंतर आक्का आणखी बारा वर्षं होती. मग कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत गेली.

तिचं दिवसकार्य झाल्यावर दाजींनी त्याच कार्यक्रमाच्या दुसऱ्यांच्या कॅसेटी गोळा करायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आपल्यासारखे चोरून भरणारे मैदानात आणखी असणारच, आणि त्यातला एखादा तिसऱ्या खांबाजवळ बसलेला असणारच. त्याच्या टेपवर आक्काचं वाक्य सापडेल. कुठल्याशा संगीताच्या मासिकात पत्र छापून आणलं, आणि खरोखरच पार्सलं यायला लागली. नागपूरचा एक निवृत्त बँकवाला, पुण्याच्या एक दातांच्या डॉक्टरीणबाई, गोव्याचा कुणी हॉटेलवाला. दाजी एकच गाणं सगळ्या कॅसेटींवर ओळीने लावून ताडून बघत. "हिच्यात ढोल डब्यात वाजतो, म्हणजे हा लांब हाय. हिच्यात छातीत वाजतो." पण त्यांची खरी मदार खोकल्यांवर होती. दुसऱ्या कॅसेटमध्ये लांब असलेला कोरडा खोकला पाचवीत अगदी कानाशी आला, की पाचवीवाला त्या खोकणाऱ्याच्या शेजारी बसवायचा. लसीकरणाच्या जुन्या तक्त्याच्या पाठीवर त्यांनी सगळं मैदान काढलं होतं. दमेकरी इथे, शिट्टीवाला तिथे, रडणारं लेकरू त्याच्या मागे, आणि डावीकडे तिसऱ्या खांबाशी एक छोटी फुली.

घरी गेलं की चहाआधी परीक्षा. "या मेवणं, बसा. ही आठवी आन ही सहावी. खांब कुणाच्या जवळ?" त्यांच्या दुसऱ्या लग्नाचा विषय घेऊन पाथरीचे पाहुणे आले होते, त्यांनाही चार कॅसेटी ऐकवल्या. मुलीच्या मामाने धीर करून विचारलं, "तुमची काय अपेक्षा हाय?" दाजी म्हणाले, "गप बसून ऐकावं. पुढं दमेकरी खोकतो." स्थळ तिथेच संपलं. गाव हसलं, मीही हसलो. हसताना मी त्यांच्याकडे बघत नव्हतो.

गेल्या वर्षी एका दुपारी त्यांचा फोन आला. अकरावी कॅसेट आली होती, नागपूरच्या बँकवाल्याच्या मेव्हण्याची. मी गेलो तर टेप टेबलावर, तक्ता भिंतीवर, आणि दाजींच्या कानात औषधाचा कापूस. "कान गेले माझे," ते म्हणाले. "मेंढरू समोर खोकलं तरी कळंना. पण चौथ्या गाण्यानंतर बाईमाणूस बोलतंय, एवढं कळायलंय." एरवी ते मला चेष्टेने अहो-जाहो करत. त्या दिवशी म्हणाले, "तू तिचा भाऊ हायस. तू वळख."

त्यांनी बटण दाबलं. चौथं गाणं संपलं, मैदान शांत झालं, आणि एक बाई बोलली. आवाज स्वच्छ होता. ती कुणाला तरी इंग्रजीत विचारत होती की माझी एक चप्पल दिसते का.

दाजी माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणालो, "आक्काच आहे."

"काय म्हणती?"

आणि मी ते वाक्य म्हणून दाखवलं, कामून बोंबलायलाय इथपासून, तिच्याच हेलात. मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. कॅसेट काढून त्यांनी रुमालाने पुसली, तिचे पत्रे मोडले आणि म्हणाले, "बास. झालं मग."

तेव्हा मला खोटं बोलून पुण्य केल्यासारखं वाटलं होतं. मी दुसऱ्यांदा त्यांचं काय काढून घेतलं ते पुढे दोन-तीन महिन्यांनी कळलं. दाजींनी सगळ्यांना पत्रं धाडली की काम झालं, आभारी आहे. नागपूरचा बँकवाला दर रविवारी फोन करायचा, तो थांबला. डॉक्टरीणबाई दिवाळीला कार्ड पाठवायच्या, तेही आलं नाही. काम झालेल्या माणसाला कोण कशाला लिहील? तक्ता भिंतीवरून उतरला. आता मी गेलो की लगेच चहा येतो. परीक्षा नाही, दमेकरी नाही, शिट्टीवाला नाही. एवढं भरलेलं मैदान होतं त्या घरात, ते सगळं मी एका शब्दात उठवलं. दाजी टेप कानाला चिकटवून बसलेले असतात, आणि गाडीची वेळ होईस्तोवर आम्ही दोघं समोरच्या कडुनिंबाकडे बघत राहतो.

परवा निघताना ते म्हणाले, "मेवणं, तिचा आवाज जरा निराळा लागतो. पण तुमी म्हणलात ना, मग तीच."

मी हो म्हणालो आणि गाडीत बसलो.

मी दाजींना दोन वाक्यं देणं लागतो. तुमची कॅसेट मी पुसली. आणि ती बाई आक्का नाही.