बडोद्याला कोण जाणार?

घाबरलेल्या ऑफिसात किस्से भराभर जमतात. आमच्या परळच्या ऑफिसात महिनाभरात इतके जमलेत की डबा खायला वेळ पुरत नाही. कारण एकच. आमचं अकाउंट्स डिपार्टमेंट बडोद्याला हलतंय आणि जो जाणार नाही त्याची नोकरी जाणार. सोमवारपर्यंत हो की नाही ते सांगायचंय!

त्यामुळे लंचला रोज गुजरात विरुद्ध महाराष्ट्र अशी मॅच असते. हसतात सगळे, पण डबे अर्धे तसेच घरी परत जातात.

*

घोडपदेवचा सावंत जागा बघायला बडोद्याला जाऊन आला.

"रस्ते काय आहेत रे! खड्डा शोधून सापडत नाही. पाणी चोवीस तास. आपल्याकडच्या एका खोलीच्या भाड्यात तिकडे तीन बेडरूम!"

"मग जा की," मी म्हटलं.

त्याने डब्याचं झाकण लावलं. "दुपारी खिडकीत उभा राहिलो. खाली माणूस नाही, हॉर्न नाही, भांडण नाही. मला वाटलं, कर्फ्यू लागला. बॅग उचलली आणि सरळ स्टेशनवर जाऊन बसलो!"

*

पाठारे मॅडम गिरगावच्या. पापलेटशिवाय त्यांच्या घरात पान हलत नाही. बडोद्याच्या एका घरमालकाने फोनवर विचारलं, "नॉनव्हेज?" मॅडम इतक्या टरकल्या की बोलून गेल्या, "छे छे, आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही!"

आता खोटं निभवायचं तर सवय हवी, म्हणून घरात मासे बंद केले. तिसऱ्या दिवशी मिस्टर म्हणाले, "तू जा बडोद्याला. मी आणि पापलेट इथेच राहतो!"

मॅडम हे हसत सांगत होत्या. पण मुलगा दहावीला आहे. त्याला न्यायचं की ठेवायचं, हे अजून त्यांचं ठरत नाहीये.

*

आमचा पटेल मूळचा बडोद्याचाच. त्याला म्हटलं, "तुझी तर लॉटरी लागली!"

तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "हळू बोल यार. इथे उशीर झाला की ट्रॅफिक सांगतो. तिकडे नव्या ऑफिसच्या बरोब्बर समोर पप्पांचं दुकान आहे!"

*

मी मात्र हो म्हणायचं ठरवलं होतं. आई इथेच राहणार. तिची काळजी कशाला, लालबागमध्ये माणसं आहेत, असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत होतो.

आमची जुनी चाळ होती ना, तिथे आईची एक पद्धत होती. काही लागलं की लाटण्याने भिंत ठोकायची. दोन ठोके पडायच्या आत पलीकडच्या काकी दारात हजर! बाबांच्या छातीत कळ आली तेव्हा आईने अशीच भिंत ठोकली होती. अख्खा मजला धावला आणि बाबा त्यानंतरही कितीतरी वर्षं जगले. आता त्याच जागी टॉवर झालाय. आम्ही बाविसाव्या मजल्यावर राहतो.

शुक्रवारी लंचला हाच किस्सा रंगवून सांगत होतो. "असा शेजार बडोद्याला मिळेल?" असं म्हटलं आणि तेवढ्यात फोन वाजला. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज होता.

"बाविसाव्या मजल्यावर ड्रिलिंग चालू आहे. दुपारी परवानगी नाही. कृपया बंद करावे."

खाली तिघांचे अंगठे.

आमच्या घरात ड्रिल नाही. मजल्यावरचे बाकीचे फ्लॅट दिवसा बंद असतात. मी आईला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. सावंतने माझा चेहरा बघितला आणि म्हणाला, "पळ!"

मी पळालो. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत होती. चावी कुलपात जाईना.

आई हॉलमध्ये होती. भिंतीला खुर्ची लावून बसलेली, धडधाकट, हातात लाटणं.

"आई! काय झालं? फोन का नाही उचललास?"

तिने लाटणं मांडीवर ठेवलं.

"काय नाय रे. तू गेल्यार कोण येता, ता बघी होतंय."